सुंदर चित्रें आणि आठवणारीं चित्रें

बाणासुराची कन्या उषा हिच्या स्वप्नांत एक तरुण आला आणि जागी झाल्यावर ती त्याच्यासाठीं झुरूं लागली, ही कथा आपण सर्वांनीं लहानपणीं ऐकली आहे. तो कोण, कोठला, हें तिला सांगतां येईना. तेव्हां तिची सखी चित्रलेखा हिनें देव, गंधर्व, मनुष्य अशा सर्वांचीं चित्रें एकामागून एक काढून तिच्यापुढें धरलीं. होतां होतां यादवांचीं चित्रें आलीं आणि अनिरुद्धाचें चित्र दिसतांच उषेनें लाजून मान खालीं घातली. ह्या कथेंत चित्रलेखेच्या कुंचल्याचें कौतुक करण्याचा आपला प्रघात आहे, आणि तो योग्यच आहे. पण मला स्वतःला अधिक नवल वाटतें तें उषेचें. ज्या चेहऱ्याचें तिला वर्णन करतां येत नव्हतें, तो चेहरा शेंकडों चेहऱ्यांतून तिनें एका क्षणांत ओळखला. आठवणें निराळें आणि ओळखणें निराळें. आज ज्या विषयावर मला बोलावयाचें आहे त्यांत हा भेद पुन्हां पुन्हां उपयोगी पडणार आहे, म्हणून तो आरंभींच सांगून ठेवतों.

विषय असा: चित्र सुंदर असलें म्हणजे तें अधिक लक्षांत राहतें काय? हा प्रश्न कोणाहि सुशिक्षित गृहस्थाला विचारला तर तो बहुधा ‘हो’ म्हणेल आणि विचारणाराकडे जरा चमत्कारिक नजरेनें पाहील. सौंदर्य मनावर ठसतें, मनांत घर करतें, डोळ्यांपुढून हलत नाहीं, अशा बोलण्याची आपल्याला संवयच आहे. मीहि पुष्कळ दिवस असेंच समजत होतों. माझी ही समजूत ढळली ती एखादा ग्रंथ वाचून नव्हे, तर घरांतल्याच एका प्रसंगानें.

पुण्यांत सदाशिव पेठेंतल्या ज्या वाड्यांत आमचें बालपण गेलें तो कांहीं वर्षांपूर्वीं पाडला गेला. त्यानंतरच्या एका दिवाळींत थोरले अण्णा, मी आणि धाकटी बहीण असे तिघें जमलों असतां जुन्या घराच्या गोष्टी निघाल्या. बाहेरच्या खोलीच्या आसपास भिंतींवर कोणकोणतीं चित्रें होतीं, तीं ज्यानें त्यानें वेगळ्या कागदावर लिहावीं, असा खेळ बहिणीनें काढला. त्या खोलींत आमच्या वडिलांनीं, म्हणजे अप्पांनीं, आपल्या पहिल्या पगारवाढीच्या पैशांतून हौसेनें आणून लावलेलें एक निसर्गचित्र होतें. कोणा परदेशी चित्रकाराच्या चित्राची ती छापील प्रत. निळेंशार सरोवर, पलीकडे बर्फाचे डोंगर आणि डोंगरांवर मावळतीचा प्रकाश. घरीं येणारा प्रत्येक पाहुणा त्या चित्राची वाखाणणी करी आणि अप्पांचा चेहरा खुले. घरांतलें सर्वांत सुंदर चित्र कोणतें, असें आम्हां तिघांना केव्हांहि विचारलें असतें तरी उत्तर एकच आलें असतें. वीस वर्षें तें आमच्या डोळ्यांपुढें होतें.

कागद उलगडले तेव्हां काय दिसलें? अण्णांनीं तें चित्र लिहिलेंच नव्हतें. मीं ‘डोंगराचें चित्र’ एवढीं दोनच अक्षरें खरडलीं होतीं. बहिणीनें ‘सरोवर व त्यांत एक होडी’ असें लिहिलें होतें. आणि होडी होती कीं नव्हती, ह्यावर अर्धा तास वाद झाला. उलट दोन चित्रें मात्र तिघांच्याहि कागदावर बारीकसारीक तपशिलासह उतरलीं होतीं. एक, आजोबांचा पगडी घातलेला फोटो, ज्याच्या कांचेला डाव्या कोपऱ्यांत तडा गेला होता. आणि दुसरें तर आमच्या खोलींतलें नव्हेच. तें शेजारच्या बिऱ्हाडांत टांगलेलें नरकयातनांचें चित्र! कढईंत उकळणारे पापी, करवतीखालीं आडवा पाडलेला चोर, खोटें बोलणाराची सांडशीनें ओढलेली जीभ, आणि हें सर्व रेड्यावर बसून पाहणारा यम. तांबडा रंग इतका भडक कीं डोळे दुखावे. तें चित्र कुरूप होतें ह्यांत शंका नाहीं. त्याला कोणी कधीं चांगलें म्हटल्याचें मला स्मरत नाहीं. पण यमदूताच्या कोणत्या हातांत सांडशी होती, हेंहि अण्णांनीं सांगितलें, आणि आम्हां दोघांना तें पटलें.

अप्पा तेव्हां हयात नव्हते. तें मला त्या दिवशीं क्षणभर बरें वाटलें, आणि बरें वाटलें म्हणून मागाहून स्वतःची लाज वाटली.

ह्या प्रसंगानंतर मी ह्या विषयावर मिळेल तें वाचूं लागलों. मनुष्याची चित्रांविषयींची स्मृति मुळांतच दुबळी आहे, असा समज मात्र कोणी करून घेऊं नये. लायोनेल स्टँडिंग ह्या मानसशास्त्रज्ञानें १९७३ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत कांहीं व्यक्तींना पांच दिवसांत १०,००० चित्रें दाखविलीं, प्रत्येक फक्त पांच सेकंद. मागाहून एक पाहिलेलें व एक न पाहिलेलें अशीं जोडीनें चित्रें पुढें ठेवलीं, तेव्हां शेंकडा ८३ वेळां त्यांनीं पाहिलेलें चित्र बरोबर दाखविलें. आपण सारे त्या उषेचेच भाऊबंद आहोंत. वर्णन करावयास सांगा, गडबडतों. समोर आणून ठेवा, ओळखतों.

आतां प्रश्न उरला तो निवडीचा. कोणतीं चित्रें अधिक ओळखलीं जातात? ह्याचा पद्धतशीर शोध अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेंत फिलिप इसोला, ऑड ओलिव्हा व त्यांचे सहकारी ह्यांनीं केला आणि २०११ सालीं तो प्रसिद्ध झाला. त्यांनीं एक खेळच रचला. संगणकाच्या पडद्यावर एकामागून एक छायाचित्रें येत, प्रत्येक एक सेकंद. मधूनच आधीं येऊन गेलेलें एखादें पुन्हां येई. तें ओळखीचें वाटलें कीं पाहणारानें कळ दाबावयाची. अशा रीतीनें २,२२२ छायाचित्रांची परीक्षा ६६५ लोकांकडून करून घेण्यांत आली. पहिली आश्चर्याची गोष्ट ही कीं, ह्या लोकांचे दोन गट पाडले तरी एका गटाला जीं चित्रें सहज ओळखतां आलीं, बहुतांशीं तींच दुसऱ्या गटालाहि ओळखतां आलीं. दोन गटांच्या क्रमवारींतील जुळणी, पूर्ण जुळणीला १ मानल्यास, ०.७५ भरली. प्रत्येकाची आठवण ज्याची त्याची असते असें आपण म्हणतों. पण लक्षांत राहण्याचा गुण पुष्कळ अंशीं चित्राच्या ठायींच असतो असें ह्यावरून ठरलें.

दुसरी गोष्ट माझ्या कामाची होती. अधिक लक्षांत राहिलीं तीं माणसांचीं चित्रें, चेहऱ्यांचीं चित्रें, घराच्या आंतल्या भागांचीं, हातानें उचलतां येणाऱ्या वस्तूंचीं. विसरलीं गेलीं तीं शांत निसर्गाचीं: डोंगर, समुद्र, रान, क्षितिज. त्याच चित्रांचें सौंदर्य किती, हेंहि निराळ्या लोकांकडून ठरवून घेतलें होतें. सौंदर्य आणि स्मरण ह्यांची सांगड तर जमली नाहींच. उलट जी काय थोडी प्रवृत्ति दिसली ती उफराटी होती, म्हणजे सुंदर ठरलेलीं चित्रें किंचित् अधिक विसरलीं जात होतीं. आणखी एक मजेची गोष्ट त्यांनीं केली. कोणतें चित्र लक्षांत राहील असें वाटतें, हा अंदाज कांहीं लोकांना करावयास सांगितला. लोकांनीं सुंदर आणि मनोरंजक चित्रांकडे बोट दाखविलें. आणि ते अंदाज चुकले. आपण काय विसरणार, हेंहि आपल्याला नीट कळत नाहीं, असा ह्याचा अर्थ. मला तर तो अंदाज करणाऱ्यांत आमच्या घरीं येणारे सारे पाहुणे बसलेले दिसूं लागले.

ह्यावर कोणी रसिक म्हणेल कीं, हीं साधीं छायाचित्रें झालीं. खऱ्या कलेची गोष्ट निराळी. ही शंका रास्त आहे, आणि तिचेंहि उत्तर मिळालें आहे. ट्रेंट डेव्हिस आणि विल्मा बेनब्रिज ह्यांनीं आर्ट इन्स्टिट्यूट ऑफ शिकागो ह्या प्रख्यात संग्रहालयांतील ४,०२१ रंगचित्रें घेऊन अशीच परीक्षा केली व २०२३ सालीं ती प्रसिद्ध केली. संगणकावर तर त्यांनीं ती केलीच, पण कांहीं लोकांना प्रत्यक्ष संग्रहालयांत मोकळें हिंडूं देऊन मागाहून काय ध्यानांत राहिलें हेंहि पाहिलें. येथेंहि लोकांच्या आठवणी एकमेकींशीं जुळल्या. एवढेंच नव्हे, तर नुसतें चित्र पाहून तें किती स्मरणांत राहील हें सांगणारें एक यंत्र, म्हणजे संगणकाची एक रचना, त्यांनीं लावून पाहिलें. तिचीं भाकितेंहि पुष्कळशीं खरीं ठरलीं, आणि रंग, विषय, भावना किंवा सौंदर्य ह्यांपैकीं कशानेंहि त्या भाकितांचा उलगडा होईना. ज्या यंत्राला कलेचा इतिहास ठाऊक नाहीं त्याला कोणतें चित्र प्रसिद्ध असेल ह्याचाहि अंदाज करतां आला, हें वाचून मी जरा अस्वस्थ झालों. कीर्ति ही गुणाची सावली, असें आपण मानतों. ती कांहीं अंशीं नुसत्या ध्यानांत राहण्याचीहि सावली असावी.

असें कां होतें, ह्याविषयीं मला जें उमगलें तें सांगतों. स्मृतीला वेगळेपणा लागतो. जर्मनींत हेडविग फॉन रेस्टॉर्फ ह्या बाईंनीं १९३३ सालींच दाखवून दिलें होतें कीं, एकाच जातीच्या गोष्टींच्या यादींत एखादी निराळ्या जातीची गोष्ट आली तर तीच मनांत टिकते. सौंदर्याची ओढ पुष्कळदां उलट दिशेची असते. त्याला मेळ हवा, प्रमाण हवें, डोळ्याला न खुपणारी रेषा हवी. दिनदर्शिकांवर जे सूर्यास्त छापतात त्यांतला एकहि कुरूप नसतो, आणि म्हणूनच कीं काय, मार्गशीर्षांतला कोणता आणि पौषांतला कोणता हें कोणालाहि सांगतां यावयाचें नाहीं. शिवाय डोंगरांत कांहीं घडत नाहीं. यमपुरींत घडतें, कोणी ओढतो, कोणी ओरडतो, कोणी पाहतो. त्या चित्राची गोष्ट सांगतां येते, आणि गोष्टीच्या दोऱ्यांत ओंवलेली वस्तु निसटत नाहीं.

ह्याच संबंधांत केंब्रिजचे प्राध्यापक फ्रेडरिक बार्टलेट ह्यांचा १९३२ सालचा स्मरणावरील ग्रंथ अजूनहि वाचण्यासारखा आहे. त्यांनीं एक प्राचीन मिसरी आकृति एकाला दाखविली, त्यानें ती आठवून काढली, ती दुसऱ्याला दाखविली, त्याची तिसऱ्याला, असें चालविलें. मूळ आकृति घुबडाची. कांहीं हात फिरल्यावर तिचें चक्क मांजर झालें! ज्याचा अर्थ लागत नाहीं त्याला मन ओळखीच्या वस्तूचें रूप देतें. माझ्या बहिणीच्या होडीचें रहस्य मला येथें सांपडलें. सरोवर म्हटलें कीं होडी आलीच.

परंतु ह्या प्रश्नांत एक मोठा घोटाळाहि आहे, तो सोडवल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आपण म्हणतों, ‘पण राजा रविवर्म्याची लक्ष्मी सुंदर आहे आणि ती सर्वांना आठवते!’ खरी गोष्ट. पण ती आपण किती वेळां पाहिली? रविवर्म्यानें १८९४ सालीं मुंबईंत छापखाना काढला, पुढें तो लोणावळ्याजवळ मळवलीस गेला, आणि त्या छापखान्यानें लक्ष्मी-सरस्वती घरोघरच्या देवघरांत नेऊन बसविल्या. रोज संध्याकाळीं जिच्यापुढें दिवा लागतो ती आठवेल नाहीं तर काय? रॉबर्ट झायोन्स ह्या मानसशास्त्रज्ञानें १९६८ सालीं दाखविलें कीं, जी वस्तु वरचेवर दिसते ती केवळ त्या दिसण्यानेंच आवडूं लागते. कॉर्नेल विद्यापीठांतील जेम्स कटिंग ह्यांनीं तर आपल्या वर्गांत अप्रसिद्ध फ्रेंच चित्रें अधिक वेळां व प्रसिद्ध चित्रें कमी वेळां पडद्यावर दाखवून विद्यार्थ्यांची अभिरुचि थोडीशी हलवून दाखविली. म्हणजे सुंदर म्हणून आठवतें, कीं आठवतें म्हणून सुंदर वाटतें, असा पेंच आहे. तो सर्वस्वी दुसऱ्या बाजूनेंहि सुटत नाहीं. कारण २०१३ सालीं इंग्लंडांत असाच प्रयोग थॉमस किंकेड ह्या बाजारी चित्रकाराच्या चित्रांवर केला, तेव्हां तीं जितक्या अधिक वेळां दाखविलीं तितकीं नावडतीं झालीं. परिचयानें चांगल्याचें सौंदर्य उघडतें आणि वाइटाचें पितळहि उघडें पडतें. ह्या एका प्रयोगानें माझा कलेवरील विश्वास बराच सांवरला, हें कबूल करतों.

स्मृति किती लहरी असते ह्याचें घरचें उदाहरण पाहा. हातांत समई घेतलेली, एका हातानें ज्योतीला आडोसा करणारी तरुण स्त्री. तिच्या चेहऱ्यावर व बोटांवर पडलेला तो केशरी उजेड. हें चित्र न पाहिलेलें मराठी घर विरळा. म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यांतील संग्रहालयांत तें आहे, आणि तेथें जाणारे लोक त्याच्यापुढें खोळंबून राहतात. चित्र लक्षांत आहे, चित्रकार? दहांतील सात-आठ जण बेधडक रविवर्म्याचें नांव घेतील. तें चित्र सांवतवाडीस जन्मलेले सांवळाराम लक्ष्मण हळदणकर ह्यांनीं १९४५-४६ च्या सुमारास जलरंगांत काढलें, स्वतःची मुलगी समोर उभी करून. रविवर्मा १९०६ सालींच निवर्तला होता. तेलरंगांत शोभावी अशी ती प्रभा पाण्याच्या रंगांत साधणारा मनुष्य, पण त्याचें श्रेय लोकांच्या स्मृतीनें दुसऱ्याच्या खात्यावर मांडून टाकलें. इतकें सुंदर चित्रहि आपल्या कर्त्याचें नांव लोकांच्या ध्यानांत ठेवूं शकलें नाहीं.

मग सौंदर्याचा आणि स्मृतीचा कांहींच संबंध नाहीं असें म्हणावयाचें कीं काय? मला तसें वाटत नाहीं. प्रयोगशाळेंत ‘सौंदर्य’ म्हणजे अनेकांच्या मतांची सरासरी. आणि सरासरीनें सौंदर्य मोजणें हें सरासरीनें प्रेम मोजण्यासारखें आहे. न्यूयॉर्क विद्यापीठांत एडवर्ड व्हेसेल, गॅब्रिएल स्टार व नावा रुबिन ह्यांनीं २०१२ सालीं १६ व्यक्तींना १०९ चित्रें दाखवून प्रत्येक चित्र किती हलवून गेलें असें विचारलें. उत्तरांत मेळ फारच थोडा होता. एकाला ज्यानें हलविलें त्यापुढून दुसरा सुकाच गेला. पण ज्या थोड्या चित्रांनीं ज्याला अगदीं आंतून हलविलें, त्या चित्रांच्या वेळीं त्याच्या मेंदूंत एरवीं आत्मचिंतनाच्या वेळीं जागा होणारा भाग जागा झाला. बाकीच्या, नुसत्या बऱ्या वाटलेल्या चित्रांच्या वेळीं तो तसा जागा झाला नाहीं. आतां दोन्ही गोष्टी शेजारीं ठेवून पाहा. ओळखण्याच्या बाबतींत आपण सारे सारखे. हेलावण्याच्या बाबतींत ज्याचा तो. मग एकाच्या मापानें दुसरें मोजलें कसें जावें?

आपल्या कवींना हें फार पूर्वीं कळलें होतें. शाकुंतलाच्या पांचव्या अंकांत राजा दुष्यंत पडद्याआडून येणारें गाणें ऐकतो आणि त्याला हुरहुर लागते. शापानें तो शकुंतलेला पार विसरला आहे. त्याला आठवत कांहींच नाहीं. तरी रम्य वस्तु पाहून किंवा मधुर स्वर ऐकून सुखी मनुष्यहि व्याकुळ होतो, तो जन्मांतरींचीं नातीं नकळत आठवून, असें तो म्हणतो. अभिनवगुप्तानेंहि रसचर्चेंत ह्या श्लोकाचा आधार घेतला आहे, आणि ही स्मृति म्हणजे नेहमींची आठवण नव्हे असें बजावलें आहे. म्हणजे रम्य वस्तु स्वतः लक्षांत राहील असें कालिदास कोठेंहि म्हणत नाहीं. ती दुसरें कांहींतरी जागें करते, एवढेंच त्याचें म्हणणें.

हें मी सांगतों तें केवळ पांडित्याची हौस म्हणून नव्हे. चित्र किती लक्षांत राहील हें सांगणारीं यंत्रें आतां झालीं आहेत, आणि जाहिरातदारांना तीं हवींच असणार. वर्गाच्या भिंतीवर, पुस्तकाच्या मुखपृष्ठावर, रस्त्यावरच्या फलकावर कोणतें चित्र लावावें हें अशा गुणांवरून ठरूं लागलें, तर आमच्या शेजाऱ्यांच्या यमदूताला पहिलें पारितोषिक आणि अप्पांच्या सरोवराला रद्दीची वाट, असा न्याय होईल. दुसऱ्या बाजूनें, सुंदर म्हणून आपोआप आठवेल ह्या भरंवशावर राहण्यांतहि अर्थ नाहीं. लिंडा हेंकेल ह्यांनीं २०१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत संग्रहालयांतील कांहीं वस्तु विद्यार्थ्यांनीं नुसत्या पाहावयाच्या व कांहींचे फोटो काढावयाचे असें ठरविलें. दुसऱ्या दिवशीं फोटो काढलेल्या वस्तु त्यांना कमी आठवल्या. मात्र ज्या वस्तूच्या एखाद्या भागावर कॅमेरा जवळ नेऊन फोटो घेतला होता, तिची आठवण शाबूत होती. हल्लीं प्रदर्शनांत मोबाईल उंच धरून भराभर पुढें सरकणारी गर्दी पाहिली कीं मला ह्या प्रयोगाची याद येते. त्या गर्दींत मीहि असतों, हें सांगितलें पाहिजे.

अप्पांचें चित्र गेल्या वर्षीं सांपडलें. वाडा सोडतांना अण्णांकडे गेलेल्या एका लांकडी पेटींत, जुन्या धोतरांत गुंडाळलेलें. धोतर बाजूला सारतांच आम्हीं तिघांनींहि तें ओळखलें. ओळखावयास क्षणहि लागला नाहीं. रंग बरेच उडाले होते. आणि पाहतां पाहतां मला जें आठवूं लागलें तें चित्र नव्हतें. कचेरींतून येऊन, कोट खुंटीला अडकवून, चहाची बशी हातांत घेऊन त्या चित्रापुढें उभे राहणारे अप्पा. त्यांच्या सदऱ्याची घामानें ओली झालेली पाठ. आईनें आंतून ‘चहा निवतो आहे’ म्हणून दिलेली हांक. हें सारें मीं कितीक वर्षांत मनांत आणलें नव्हतें. अण्णाहि बराच वेळ बोलले नाहींत. त्यांना काय आठवलें तें मीं विचारलें नाहीं.

आतां तें चित्र बहिणीच्या घरीं लावलें आहे. सरोवरांत होडी नाहीं. ती मात्र अजून म्हणते कीं, पूर्वीं होती.